भिंत अर्धी होती तेव्हाचं पुस्तक

यमुनाबाई गेल्या हे मला एस.टी.च्या एका कंडक्टरनं सांगितलं. पौडहून सकाळी सुटणाऱ्या गाडीवर तो असतो, लहानपणी यमुनाबाईंच्या हाताखाली शिकलेला. पुण्यात गाडी लावून तो तडक माझ्या शाळेत आला आणि टोपी हातात घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. मुली शुद्धलेखन लिहीत होत्या. तास चालू असताना कुणी दारात आलं की माझं डोकं फिरतं, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी डोळे वटारले, तर तो नुसता म्हणाला, "आपल्या बाई पहाटं गेल्या." मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, आत गेले आणि उरलेला उतारा मुलींना शेवटपर्यंत सांगितला. असं का केलं, ते आजही सांगता येणार नाही... दुपारच्या गाडीनं पौडला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. धोंडिबा आले, बहिणीला अग्नी दिला आणि कुणाशी अक्षर न बोलता वाडीला निघून गेले, असं शेजारणीनं सांगितलं. धोंडिबा म्हणजे यमुनाबाईंचे सख्खे थोरले भाऊ. गेली काही वर्षं त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं होतं, आणि ते का टाकलं हे सांगितल्याशिवाय यमुनाबाईंविषयी काही सांगितलं असं होणार नाही.

मी पौडच्या शाळेत रुजू झाले तेव्हा यमुनाबाई तिथे मोठ्या बाई होत्या. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारीचा कासोटा असा घट्ट की त्यांच्याकडे बघून आपणच ताठ उभं राहावं. मी पुण्याची, जिभेची तिखट, आणि स्वयंपाकात ढ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पुण्याच्या ना तुम्ही? मग बोलण्यात हार जायच्या नाहीत. भात करता येतो का?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि संध्याकाळी त्यांच्या चुलीवर नव्या आंबेमोहोराची अशी खळ शिजवली की पाकिटं चिकटवावीत. यमुनाबाई पोट धरून हसल्या. मग समजावून सांगितलं: तांदूळ हातात घेतला की आधी विचारायचं, कुठल्या सालचा. नव्याला पाणी कमी, जुन्याला जास्त. तांदळाचा दोष काढायचा नाही, त्याचं साल ओळखायचं. मुळशीच्या माणसांना ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळते, आम्हाला ती पस्तिशीला शिकावी लागते. पुढे त्यांच्या शेजारची खोली मी घेतली, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला त्यांना फारसे दिवस लागले नाहीत.

यमुनाबाईंचं गाव पाण्याखाली आहे. मुळशीचं धरण बांधायचं ठरलं तेव्हा त्या पोरवयाच्या होत्या. त्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, इतर शेतकऱ्यांबरोबर भाताच्या खाचरात जाऊन बसले, पोलिसांनी उचललं तेव्हा तुरुंगात गेले, सुटले की परत येऊन बसले. त्या वेळी पुण्याहून आलेल्या एका कार्यकर्त्या कुटुंबानं ही चुणचुणीत पोरगी आपल्याबरोबर शहरात नेली आणि मुलींच्या वसतिगृहात घातली. इकडे धरणाची भिंत वर चढत होती, तिकडे यमुनाबाई बाराखडी शिकत होत्या. भिंत पुरी झाली, गाव गेलं, आबा आणि धोंडिबा मिळालेल्या चार पैशांनिशी पौडच्या अलीकडे एका वाडीत दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट घालून राहिले. पैसे कधीच संपले. यमुनाबाई मास्तरीण होऊन आल्या तेव्हा भाऊ मजुरीला जात होता. लग्नाचं त्यांना कुणी विचारलं की म्हणायच्या, बुडिताच्या मुलीला करून कोण घेतो, हुंड्यात काय तळं द्यायचं का? हे त्या हसून सांगत, पण ऐकणाऱ्याला हसता येत नसे.

आता त्या पुस्तकाविषयी. ती एक कादंबरी होती, याच धरणाच्या लढ्यावर लिहिलेली. लेखकानं सरकारच्या भीतीनं खरं नाव घातलं नव्हतं, 'एक मावळकर' एवढंच छापलं होतं. लढा ऐन भरात असताना ती छापून आली आणि हातोहात गावोगाव गेली. आजकाल तिला अभिजात म्हणतात, अभ्यासाला लावतात, तिच्यावर प्रबंध होतात. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या लेखी आपल्या गावाची गोष्ट छापली गेली, म्हणजे ती पोथी झाली. त्यांनी ती तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. गाव सोडताना देवांबरोबर तीही पाटीत आली. आबा गेले, आणि वाडीतल्या बुडिताच्या लोकांनी यमुनाबाईंना गळ घातली की पोरी, तुला वाचता येतं, तर आता श्रावणात तू आबांची पोथी लाव. वडिलांमागे ही एवढी एक गोष्ट मागितली तर नाही कसं म्हणायचं? त्या वाचू लागल्या. श्रावणात लावणी उरकलेली असते, दुपारी हाताला काम नसतं. धोंडिबांच्या पडवीत पंधरावीस माणसं जमायची, चौरंगावर पुस्तक, त्याला हळदकुंकू, खुणेला तुळशीचं पान. रोज एक प्रकरण, त्याला त्या लोकांचा शब्द अध्याय. शेवटच्या दिवशी समाप्ती, आणि समाप्ती झाली की शिऱ्याचा प्रसाद.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडाला पदर लावून बसले होते. कादंबरीला हळदकुंकू! पण पुस्तक मी आधी वाचलेलं होतं, आणि तिथे बसून ऐकताना ते मला निराळंच ऐकू आलं. तो पुण्याचा पदवीधर नायक, नोकरीवर लाथ मारून खादीची टोपी घालून मावळात येतो आणि एकेक व्याख्यान ठोकतो ते पाच पाच पानांचं. शेतकरी त्यावर 'होय महाराज' म्हणतात, तेही अगदी छापील, सदाशिव पेठी मराठीत. वाडीतली माणसं तेवढ्या जागी एकमेकांना कोपरखळ्या मारत. गावातला सावकार पुस्तकात भलताच देशभक्त होता, लढ्याला पोत्यानं तांदूळ देत होता. खरा सावकार गहाणखतं दाखवून कुणाच्या जमिनीचे पैसे घेऊन गेला, ते पडवीत बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. एकदा मागे बसलेल्या एका धनगराच्या म्हातारीनं विचारलं की आमचा वाडा बी गेला पाण्यात, मेंढरांची चराई गेली, आमी कुटं हाओत ह्यात? यमुनाबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, तुमच्या नावावर जमीन नव्हती ना मावशे, म्हणून लिहिणाऱ्याला तुम्ही दिसलाच नाहीत. म्हातारीनं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ऐकायला आली.

आणि शेवटचा अध्याय. त्यात भागाई नावाची म्हातारी आपल्या खाचरात आडवी पडते, काही केल्या उठत नाही. शेवटी धरणाचा मोठा साहेब स्वतः घोड्यावरून येतो, तिच्याकडे बघतो, त्याचं मन पालटतं. तो डोक्यावरची टोपी काढतो, तिला आई म्हणतो आणि काम थांबवायचा हुकूम देतो. लोक वाजतगाजत आपापल्या खाचरात उतरतात आणि भाताचं पहिलं रोप लावतात... संपलं. मी त्या रात्री जेवताना चिडून म्हटलं, हे काय भलतंच? असा साहेब कुणी पाहिलाय? यमुनाबाई म्हणाल्या, "वत्सला, पुस्तकाचं साल बघ. भिंत अर्धी होती तेव्हा हे लिहिलंय. त्या साली सगळ्यांना वाटत होतं की आपण खरे असलो आणि मार खाल्ला पण हात उचलला नाही, तर समोरच्याला पाझर फुटतोच. आबांना वाटत होतं. शिकलेल्यांना वाटत होतं. लिहिणाऱ्यानं मनचं काही घातलं नाही गं, हवेत होतं तेच लिहिलं." मी विचारलं, मग या लोकांना हे सांगत का नाही? तर भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाल्या, श्रावणात पंधरा दिवस त्यांना जमीन मिळते, ती कशाला काढून घेऊ?

इथेच घात होता. कादंबरी वाचणारा माणूस शेवट वाचून पुस्तक मिटतो. पोथी ऐकणाऱ्याचं तसं नसतं, पोथीला फलश्रुती असते. नेमानं पारायण करा, समाप्ती चुकवू नका, म्हणजे शेवटी सांगितलं तसं तुमचं होईल, हे ती माणसं जन्मापासून ऐकत आलेली. त्यांनी या शेवटच्या अध्यायाची फलश्रुती करून टाकली. पाणी एक दिवस हटणार आणि आपापल्या खाचरात आपण उतरणार. उन्हाळ्यात तळं आटलं की जुन्या गावाचे बांध, देवळाचा चौथरा वर यायचा, तेव्हा धोंडिबा तिथे चालत जाऊन आपल्या बांधाचे ढासळलेले दगड रचून यायचे. पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली. चांगला शहाणा, कष्टाळू माणूस! पण खोपटाला पक्की भिंत घालत नव्हता, परसात आंबा लावत नव्हता, थोरल्या मुलीला चांगलं स्थळ आलं तेव्हा म्हणाला, गावी गेल्यावर बघू. यमुनाबाई हे सगळं बघत होत्या, पैशाअडक्याला कमी पडत नव्हत्या, आणि दर श्रावणात वाचत होत्या.

मग पुण्यात धरण फुटून पूर आला ते साल उजाडलं. माझ्या मामांचं नदीकाठचं घर त्यात गेलं, मी पंधरा दिवस पुण्यात चिखल उपसत होते. परत पौडला आले तर वाडीत निराळाच रंग. तिकडचं फुटलं म्हणजे आता हितलं बी जानार, अशी आवई उठली होती. धोंडिबा आणि आणखी काही जण भर पावसात घोंगड्या पांघरून, नारळ घेऊन मुळशीची भिंत बघायला चालत गेले होते. भिंत जागच्या जागी होती. तडा सोडा, ओरखडासुद्धा नव्हता. नारळ तिथेच फोडून ते परत आले आणि यमुनाबाईंना म्हणाले की यंदा पारायण दोन वेळा कर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांची माणसं वाहून गेली आणि तुम्ही नारळ घेऊन भिंत फुटायची वाट बघता, असं मी धोंडिबांना तोंडावर सुनावलं. ते रागावले नाहीत. "आमची वाहून गेली तवा कोन आलं हुतं, बाई?" एवढंच म्हणाले.

त्याच पावसाळ्यात कचेरीतून निरोप आला की जिल्ह्याच्या पूर्वेला थोडी सरकारी पडीक जमीन आहे, बुडिताच्या ज्या कुटुंबांकडे काहीच नाही त्यांना ती मिळू शकते. अट एवढीच की जुन्या जमिनीवर आमचा काही हक्क उरला नाही, असं लिहून अंगठा द्यायचा. मुदत दसऱ्यापर्यंतची. जमीन कोरडी होती, भाताची नव्हती, मावळच्या माणसाला परमुलूखच तो. पण जमीन होती. धोंडिबांना दोन मुलगे हाताशी आलेले, वाडीचा मालक खोपटं हलवा म्हणून मागे लागलेला. यमुनाबाई मला म्हणाल्या, दादाच्या नावावर वीतभर माती मी मरायच्या आत बघितली तर माझं शिकणं फुकट गेलं नाही म्हणेन. त्या स्वतः कचेरीत जाऊन सगळं विचारून आल्या, भावाला समजावून सांगायला रोज वाडीला गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी! धोंडिबा म्हणायचे, अंगठा दिला म्हंजी पोथी खोटी क्येली. आबांनी तुरुंग भोगला तो ह्यासाठी व्हय? आणि धोंडिबा हलत नाहीत तोवर वाडीतलं दुसरं कुणी हलायला तयार नव्हतं.

श्रावणातल्या पारायणाचा तो शेवटचा दिवस मी विसरू शकत नाही. बाहेर बारीक पाऊस, पडवीत दाटी, आत वहिनी, म्हणजे धोंडिबांची बायको, शिरा परतत होती, त्याचा वास येत होता. यमुनाबाईंनी शेवटून दुसरा अध्याय संपवला, पान उलटलं, आणि थांबल्या. तुळशीचं पान उचलून पुस्तकात घातलं आणि पुस्तक मिटलं. लोकांना वाटलं, पाणी प्यायला थांबल्या. त्या भावाकडे बघून बोलल्या, आणि शाळेत आमची कधी व्याकरणाची चूक खपवून न घेणारी ही बाई त्या दिवशी आपल्या घरच्या बोलीत बोलली. "दादा, ह्ये लिवलं तवा भिंत अर्दी हुती. लिवणाऱ्याला वाटलं पानी थांबंल, आबाला वाटलं, समद्यास्नी वाटलं. त्यो लबाड बोलला न्हाई. पर पानी थांबलं न्हाई, दादा. त्ये आता हटनार बी न्हाई. जमीन घे."

धोंडिबा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "समाप्ती कर." यमुनाबाई म्हणाल्या, "न्हाई करनार." तेव्हा धोंडिबांनी मान वर केली. "तुला धरनानं साळा दिली, यमे. आमाला ह्ये येवढंच दिलं हुतं." हे बोलून ते उठले, घोंगडी घेतली आणि पावसात बाहेर पडले. मागोमाग एकेक माणूस उठलं. समाप्तीशिवाय प्रसाद वाटत नाहीत, त्यामुळे शिऱ्याचं भांडं तसंच राहिलं. वहिनीनं शेवटी तो गोठ्यात नेऊन गाईपुढे ओतला. यमुनाबाईंनी पुस्तक फडक्यात बांधलं, काखेत घेतलं आणि आम्ही दोघी पौडपर्यंत चालत आलो. वाटेत त्या म्हणाल्या, चार दिवस राग राहील, मग जाईल तो कचेरीत. माझा भाऊ आहे, मला ठाऊक आहे.

धोंडिबा गेले नाहीत. दसरा आला तसा गेला. वाडीतलं कुणीच गेलं नाही. एक तर पारायण अर्धवट राहिलेलं, त्यात असलं काम कोण हातात घेणार? ती पडीक जमीन दुसऱ्या कुणाकुणाला मिळाली. पुढल्या वर्षी मालकानं खोपटं उठवली. धोंडिबांचे मुलगे पुण्याकडे हमालीला गेले, एक तिकडेच दारूला लागला. मुलगी एका बिजवराला दिली, सुटले म्हणायचं. नवराबायको ओढ्यापलीकडे एका गोठ्याच्या कडेला राहू लागले. यमुनाबाईंना मी एकदा विचारलं की तुम्हाला पश्चात्ताप होतो का? विचारलं आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "मी त्यांची पोथीही काढून घेतली आणि जमीनही देऊ शकले नाही. दोन्ही गेलं माझ्या हातून. पण वत्सला, खरं तर तेच होतं ना गं?" हे त्या मला विचारत होत्या की स्वतःला, ते मला कळलं नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं होतं, आणि त्या खऱ्याचा कुणाला काडीइतका उपयोग झाला नव्हता.

दर आठवड्याला त्या ओढ्यापलीकडे जात, वहिनीच्या हाती तांदूळ, साखर, कधी औषध देत. धोंडिबा त्या आल्या की मागच्या बाजूनं निघून जात. भाऊबीजेला यमुनाबाई पाट मांडून, निरांजन तयार ठेवून बसायच्या. भाऊ आला नाही की बायका चंद्राला ओवाळतात, तशा अंगणात येऊन त्या चंद्राला ओवाळायच्या. पहिल्या वर्षी मी बरोबर उभी राहिले, दुसऱ्या वर्षी मला ते बघवेना. तिसऱ्या वर्षी माझी पुण्याला बदली झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांना दम्यानं धरलं होतं. माघात भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. मी येताना एक मासिक नेलं होतं, त्यात एका प्राध्यापकांनी या कादंबरीवर लिहिलं होतं: ती आपल्या काळाचं प्रामाणिक प्रतिबिंब आहे, पण तिचा शेवट भाबडा आहे, लेखकाला वास्तवाचं भान नाही. मला वाटलं, यमुनाबाईंना आपलं म्हणणं छापून आलेलं बघून बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. पण आपण जिंकलो असतो तर याच शेवटाला याच माणसानं द्रष्टेपणा म्हटलं असतं. हरलेल्यांचं पुस्तक भाबडं ठरतं." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी मासिक पिशवीत परत घातलं. ती आमची शेवटची भेट.

दहाव्यानंतर त्यांची खोली रिकामी करायला मी पौडला गेले. घरमालकाला खोली हवी होती, आणि आवरायला दुसरं होतं कोण? भांडीकुंडी वहिनीला पाठवायला बाजूला काढत होते, तेवढ्यात दारात सावली पडली. धोंडिबा. किती वाळले होते! आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. मी चहा विचारला, नको म्हणाले. मग म्हणाले, "आबांची पोथी हाय न्हवं? शेवटला अध्याय तेवढा वाचता का, बाई?" मी पोथी पुढ्यात घेतली. फडकं सोडलं. त्या श्रावणातलं तुळशीचं पान वाळून काळं पडून तिथेच होतं. मी दाराशी बसून वाचलं; भागाई खाचरात आडवी पडली, साहेब घोड्यावरून आला, टोपी काढली, आई म्हणाला, लोकांनी रोप लावलं. माझ्या पुणेरी उच्चारात ते सगळं इतकं पोकळ वाटत होतं की मधेच थांबावंसं वाटलं. धोंडिबा हात जोडून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, धोंडिबा, तुम्हाला अजून वाटतं का पाणी हटेल?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या खुळ्या पोरीकडे पाहावं. "कदीच वाटलं न्हाई, बाई. भिंत बांदायला दगुड म्या सोता वाहिलाय, पोटासाठी. ती कशी हाय ते मला ठावं न्हाई व्हय? पर आमच्यातलं शिकल्यालं येकच मानूस हुतं, आन त्ये दरसाल आपल्या तोंडानं म्हनायचं, पानी हटलं, पानी हटलं. त्येवढं ऐकलं की वरीस निगायचं. पानी हटनार न्हाई ह्ये दुसऱ्या कुनीबी सांगितलं असतं ना... तलाट्यानं, तुमी, कुनीबी... तर म्या अंगठा दिला असता. तिनंच म्हनलं. मग कशापायी घ्यायची जमीन?"

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मी पुस्तक पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. अजून मुदत असती तर, असं काहीतरी मी बोलू पाहत होते, पण कसली मुदत आणि कुणासाठी? ते ओढ्याच्या वाटेला लागेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले. खोलीत आता एक रिकामी खाट होती आणि भिंतीला यमुनाबाई टेकून बसायच्या तिथे तेलाचा डाग. तो घासून काढावा म्हणून मी एक चिंधी ओली केली, आणि तशीच ठेवून दिली. घरमालक भिंतीला चुना देईलच.